किती पानं, हा प्रश्नच चुकीचा

शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर जूनमध्ये एक वाद ठरलेला असतो. कुणीतरी एखाद्या पुस्तकाची पीडीएफ टाकतं. दुसरं कुणी लगेच बजावतं, 'सर, कॉपीराइट आहे, नोटीस येईल.' तिसऱ्याचं उत्तर तयार असतं, 'शिक्षणासाठी सगळं चालतं.' चौथा तडजोड सुचवतो, 'दहा टक्क्यांपर्यंत हरकत नाही.' शेवटी अॅडमिन 'विषय थांबवा' म्हणतात. विषय थांबतो, पीडीएफ मात्र तिथंच राहते. चौघांपैकी कायद्याचं कलम कुणीच उघडलेलं नसतं. यात नुकसान दोन्हीकडून होतं. घाबरलेला शिक्षक हक्काची गोष्टही वर्गात नेत नाही आणि निर्धास्त शिक्षक लेखकाच्या ताटातलं उचलतो. भारतीय कायदा शिक्षकाला 'किती पानं घेतलीस' असं विचारतच नाही. कशासाठी घेतली आणि पुढे ती कुठं गेली, एवढंच तो विचारतो. हे दोन प्रश्न डोक्यात पक्के बसले तर निम्मी भीती जाईल, आणि निम्मी बेफिकिरीही.

आधी कलम. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या ५२व्या कलमात कोणत्या कृतींनी स्वामित्वहक्काचा भंग होत नाही याची लांबलचक यादी आहे. तिच्यातला (आय) हा खंड शिक्षकाचा. शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं कोणत्याही कृतीची काढलेली प्रत, परीक्षेतल्या प्रश्नाचा भाग म्हणून काढलेली प्रत आणि त्या प्रश्नाच्या उत्तरात उतरवलेला मजकूर, या तिन्हींनी भंग होत नाही. टक्केवारी नाही, पानांची संख्या नाही, प्रतींची मर्यादा नाही. हे नजरचुकीनं राहून गेलं असेल का? त्याच कलमात शेजारी पाहा. शाळांसाठी वेच्यांचा संग्रह छापणाऱ्या प्रकाशकाला कायदा बजावतो की संग्रह मुख्यतः हक्कमुक्त मजकुराचा हवा, हक्क शाबूत असलेले उतारे लहान हवेत आणि एकाच लेखकाचे पाच वर्षांत दोनच. सार्वजनिक ग्रंथालयाला सांगतो की भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनच प्रती काढा. ज्या संसदेला दोन आणि तीन मोजता येत होते, तिनं शिक्षकापाशी येऊन मोजणं सोडलं असेल तर ते जाणूनबुजूनच सोडलं.

मग ते दहा टक्के आले कुठून? अमेरिकेतून. १९७६मध्ये तिथं नवा कॉपीराइट कायदा होत होता, तेव्हा लेखक, प्रकाशक आणि शिक्षणसंस्थांच्या प्रतिनिधींनी वर्गातल्या प्रतींसाठी एक मार्गदर्शिका ठरवली. गद्य उतारा असेल तर १,००० शब्द किंवा मूळ कृतीच्या १० टक्के, यांतलं जे कमी असेल ते. कविता २५० शब्दांपर्यंत. एका विषयासाठी एका सत्रात अशा प्रती नऊ वेळा. ही मार्गदर्शिका खुद्द अमेरिकेच्या कायद्याचं कलम नाही, आणि 'एवढं तरी नक्की चालेल' अशी किमान हमी म्हणून ती लिहिलेली होती. ब्रिटनमध्ये आकडा खरोखरच कायद्यात आहे : बारा महिन्यांत एका कृतीचा पाच टक्के भाग. परवाना मिळण्याची सोय असेल तर तेवढाही फुकट नाही. आपल्याकडे यातलं काहीही लागू नाही. तरी प्रशिक्षणात दहा टक्क्यांची स्लाइड येते, आणि कॉपीराइटवरची ती स्लाइड कुणाचंही नाव न देता कुठून तरी कॉपी केलेली असते, हा विनोद वेगळाच.

आकड्याचा नियम शिक्षणात किती वेडगळ ठरतो ते पाहायला फार लांब जायला नको. सुनीत चौदा ओळींचं असतं. दहा टक्के म्हणजे दीड ओळ. दीड ओळीवर रसग्रहण कसं शिकवायचं? उलट सहाशे पानांच्या संदर्भग्रंथाची साठ पानं 'नियमात' बसतात, मग त्यातली पंचावन्न वर्गात उघडलीसुद्धा नाहीत तरी चालेल. जो नियम कवितेला उपाशी ठेवतो आणि ग्रंथाची नासाडी खपवून घेतो, तो सोयीचा असेल, न्याय्य कसा म्हणायचा?

आपल्याकडे हा मुद्दा न्यायालयात चांगला घासूनपुसून तपासला गेला आहे. ऑगस्ट २०१२मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या झेरॉक्सच्या दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर दावा लावला. प्राध्यापकांनी नेमलेली निरनिराळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र बांधून दुकान ती विद्यार्थ्यांना विकत होतं. ज्यांच्या लेखनावरून हा दावा उभा राहिला त्यांच्यातल्याच काही लेखकांनी तो मागे घ्या असं प्रकाशकांना कळवलं, हेही नोंदवायला हवं. १६ सप्टेंबर २०१६ला न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. ९ डिसेंबर २०१६ला न्या. प्रदीप नंदराजोग आणि न्या. योगेश खन्ना यांच्या खंडपीठानं तत्त्व कायम ठेवलं : शिकवणं तासाच्या घंटेपुरतं नसतं. तासाआधीचं वाचन, तासानंतरचा अभ्यास, सगळं सत्र त्यात येतं. प्रती शिक्षकानं स्वतः काढल्या की दुकानदाराकडून काढून घेतल्या यानं फरक पडत नाही. कसोटी एकच, शिकवण्याच्या हेतूला जेवढं लागतं तेवढंच घेतलं का?

पण निकालाचा हा अर्धाच भाग ग्रुपवर फिरतो. नेमलेला मजकूर खरोखरच त्या हेतूला आवश्यक होता का, आणि सबंध पुस्तकांच्या प्रती काढणं चालतं का, हे प्रश्न खंडपीठानं पुराव्यानिशी तपासायला परत पाठवले होते. मार्च २०१७मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला, त्यामुळे त्यांची उत्तरं आलीच नाहीत. मे २०१७मध्ये परवाने देणाऱ्या संस्थेची याचिका सर्वोच्च न्यायालयानं ऐकायला नकार दिला. म्हणजे सबंध पुस्तक झेरॉक्स करायला 'न्यायालयानं परवानगी दिली' असं जे ठासून सांगितलं जातं, ते खोटं आहे. आणखी एक बारकावा. निकाल दिल्ली उच्च न्यायालयाचा आहे. मुंबईत त्याला वजन आहे, बंधन नाही.

आता या मोकळिकीवरचा सगळ्यात जोरकस आक्षेप. दिल्लीचे वादी जगभर पसरलेले प्रकाशक होते. एका प्रकरणासाठी हजारो रुपयांचं पुस्तक कुठलाच विद्यार्थी घेणार नव्हता, त्यामुळे झेरॉक्सनं विक्री बुडाली असं म्हणणं ताणलेलंच होतं. मराठीत चित्र उलटं आहे. पाचशे-हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षं लागतात, बालसाहित्याचं मुख्य गिऱ्हाईक शाळा आणि शाळांची ग्रंथालयंच असतात, आणि शंभर-दीडशे रुपयांच्या गोष्टीच्या पुस्तकाची पीडीएफ जिल्ह्याभर फिरली की पुढची आवृत्ती निघतच नाही. इथं 'विद्यार्थ्यांनी तसंही घेतलं नसतं' हे उत्तर लागू पडत नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

पण त्यावरून निष्कर्ष काय काढायचा? शिक्षकाची सवलत आखूड करा, असा? गोष्टीच्या पुस्तकाची ती पीडीएफ ज्या अडीचशे जणांच्या ग्रुपवर पडली त्यात विद्यार्थी किती होते? एकही नाही. ती कुठल्या इयत्तेच्या कुठल्या घटकासाठी होती? कुणालाच माहीत नाही. ती 'शिकवण्याच्या ओघात' काढलेली प्रत नव्हतीच. प्रकाशकाला जे बुडवतं ते या सवलतीच्या बाहेरचं आहे, फक्त तिचं नाव पुढे करून चालतं. पानांची मर्यादा आणली तर तो फॉरवर्ड थांबणार नाही, प्रामाणिकपणे चौथीच्या वर्गासाठी एक गोष्ट झेरॉक्स करणारी बाई तेवढी थांबेल. आणि हक्क म्हणजे लेखकाची जन्मजात जहागीर, असंही इतिहास सांगत नाही. जगातला पहिला कॉपीराइट कायदा इंग्लंडमध्ये १७१०मध्ये अमलात आला तो 'विद्येच्या उत्तेजनार्थ' असं शीर्षक घेऊनच, आणि हक्काची मुदत होती चौदा वर्षं, लेखक हयात असेल तर आणखी चौदा. मुदत संपल्यावर पुस्तक सगळ्यांचं, हा सौदा तेव्हापासूनचा आहे.

रेषा कुठं ओढायची ते एकाच कवितेचा प्रवास पाहिला की कळतं. पाठ्यपुस्तकात नसलेली, हक्क शाबूत असलेली एक कविता बाईंनी नववीच्या चाळीस मुलांसाठी झेरॉक्स केली : चालतं. घटक चाचणीत त्याच कवितेचं कडवं देऊन प्रश्न विचारले : चालतं, परीक्षेचा उल्लेख कायद्यातच आहे. मुलांनी उत्तरात ओळी उतरवल्या : चालतं. कवितेचा फोटो फक्त त्या तुकडीच्या बंद गटात, गुगल क्लासरूमसारख्या ठिकाणी टाकला : इथं जमीन थोडी भुसभुशीत होते, कारण कलम प्रत काढण्याबद्दल बोलतं आणि लोकांपर्यंत पोहोचवणं हा कायद्यात वेगळा हक्क आहे. तरी गटात प्रवेश घेतलेलीच मुलं असतील आणि वर्ष संपल्यावर फाइल काढून टाकली जात असेल, तर चाळीस मुलांना 'जनता' म्हणणं अवघड आहे. युक्तिवाद टिकावा असं मला वाटतं. तीच कविता यूट्यूबवर खुल्या व्हिडिओत पूर्ण वाचून, पडद्यावर दाखवून टाकली : सवलत संपली. समीक्षेपुरत्या ओळी उद्धृत करण्याची वेगळी तरतूद आहे, पण अख्खी कविता तिच्यात बसवणं कठीण. आणि क्लासनं ती नोट्समध्ये छापून दुकानात विकायला ठेवली : ते प्रकाशन झालं, आणि प्रकाशनाला परवानगी लागते. कविता तीच, ओळी तेवढ्याच. बदललं ते फक्त ती कुठं गेली हे. दहा टक्केवाल्यांना हा फरक दिसूच शकत नाही.

प्रत काढताना एक सवय मात्र लावून घ्यायला हवी. पानाच्या तळाशी लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष आणि 'इयत्ता अमुक, घटक तमुक' एवढं एका ओळीत लिहायचं. (आय) खंडात नाव द्या अशी अट नाही, पण आपली कृती आपल्या नावानं ओळखली जाण्याचा लेखकाचा हक्क ५७व्या कलमात वेगळा आहे आणि तो हक्क विकल्यावरही उरतो. शिवाय उद्या कुणी विचारलंच, तर हेतू काय होता याचा पुरावा त्या कागदावरच असतो. वर्कबुक किंवा व्यवसायमालेबाबत मी मात्र हात आखडता घेईन. ती विकलीच जातात वर्गासाठी, भरून टाकण्यासाठी. एक प्रत घेऊन साठ झेरॉक्स काढल्या तर त्या पुस्तकाचं दुसरं गिऱ्हाईकच उरत नाही. कायदा इथं शिक्षकाला थेट अडवत नसेलही, पण अडवला नाही म्हणून करावंच असं थोडंच आहे.

स्नेहसंमेलनाचा गोंधळ वेगळा. लगतच्या (जे) खंडानुसार शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी गाणं, नाटक सादर करणं, किंवा प्रेक्षक शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेशी संबंधित लोकच असतील तर ध्वनिमुद्रित गाणं वाजवणं, चित्रपट दाखवणं, यांनी भंग होत नाही. त्यामुळे मुलं ट्रॅकवर नाचणार म्हणून परवान्याची फी भरायची गरज नाही, आणि तशी मागणी आली तर मुख्याध्यापकांनी या खंडाचा हवाला देऊन लेखी उत्तर द्यावं. बाहेरचा ऑर्केस्ट्रा बोलावला, तिकीट लावून गावाला प्रवेश दिला की मात्र हे कवच गळून पडतं. आणि खरी ठेच लागते दुसऱ्या दिवशी, कुणीतरी हौसेनं अख्खं संमेलन यूट्यूबवर चढवतं तेव्हा. सभागृहातल्या प्रयोगाला सवलत आहे, जगाला दाखवलेल्या मुद्रणाला नाही. तिथं माणूस नव्हे, यंत्र गाणं ओळखतं. बहुतेक वेळा आवाज बंद होतो किंवा जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे वळतात, पण मालकानं रीतसर तक्रार केली तर चॅनेलला स्ट्राइक मिळते आणि नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक झाल्या तर चॅनेल जाऊ शकतं. त्यात वर्षभराचे धड्यांचे व्हिडिओही गेले. पालकांना फाइल हवी असेल तर ती पेनड्राइव्हवर द्यावी, चॅनेलवर फक्त भाषणं आणि बक्षीस समारंभ ठेवावा.

ज्या साहित्याला परवानगीच लागत नाही त्याकडे आपण किती कमी पाहतो! लेखकाचं निधन झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं, अशी आपल्याकडे मुदत आहे. आधी ती पन्नास होती. रवींद्रनाथांचं निधन १९४१चं, म्हणजे १९९१ संपताना त्यांचं साहित्य खुलं होणार होतं, तेव्हा घाईनं वटहुकूम काढून दहा वर्षं वाढवली गेली. मुदत किती हा राजकीय निर्णय असतो, याचं याहून ढळढळीत उदाहरण नको. हिशोब सोपा आहे. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं सगळं १ जानेवारी २०११पासून खुलं. मर्ढेकर १९५६, म्हणून २०१७पासून. आचार्य अत्रे आणि अण्णा भाऊ साठे दोघंही १९६९मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०३०ची सुरुवात. कुसुमाग्रजांसाठी २०६०. बहिणाबाईंच्या बाबतीत मात्र लोक चुकतात. त्या १९५१मध्ये गेल्या, पण कवितांचं पुस्तक १९५२मध्ये निघालं. मरणोत्तर प्रकाशित लेखनाची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून त्यांच्या कविता २०१२ऐवजी २०१३मध्ये खुल्या झाल्या.

जुनं म्हणजे सगळंच मोकळं, असंही नाही. ज्ञानेश्वरीच्या ओव्या कुणाच्याच मालकीच्या नाहीत, पण विसाव्या शतकातल्या संपादकानं दिलेला अर्थ, टिपा, प्रस्तावना त्याच्या असू शकतात. हा भेद आपल्याकडे मुंबईच्याच एका खटल्यात शंभर वर्षांपूर्वी ठरला आहे. शाळेसाठी काढलेल्या प्लुटार्कच्या अलेक्झांडर चरित्रावरून मॅकमिलन कंपनीनं मुंबईच्या के. अँड जे. कूपर या प्रकाशकांवर दावा लावला होता. प्रिव्ही कौन्सिलनं १९२३मध्ये निर्णय दिला : जुन्या भाषांतरातून निवडलेल्या उताऱ्यांवर नवा हक्क नाही, पण संपादकाच्या टिपांवर आहे. आजही झेरॉक्स काढताना हाच प्रश्न विचारायचा. ओवी घेतोय, की ओवीखालचा अर्थ? मराठी विकिस्रोतावर मुदत संपलेली मूळ पुस्तकं मिळतात, त्यांतून उतारा घ्यावा आणि टिपा स्वतः लिहाव्यात.

शिक्षकाला घाबरवण्यात संस्थांचाही हातभार आहे. बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीच्याच पानावर छापलेलं असतं की पुस्तकाचे सर्व हक्क मंडळाकडे राहतील आणि कोणताही भाग संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय उद्धृत करता येणार नाही. गाईड छापणाऱ्यांना रोखण्यासाठी असं काही लिहावं लागतं हे समजतं. पण शब्दशः घेतलं तर पाठ्यपुस्तकातलं वाक्य फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षकानंही पुण्याला अर्ज करायला हवा. ५२व्या कलमानं जे दिलं ते अशा एका छापील ओळीनं काढून घेता येत नाही. 'शैक्षणिक उपयोगासाठी या पुस्तकातील मजकूर वर्गात वापरता येईल, विक्रीसाठी नाही' एवढी भर मंडळानं घातली तर काय बिघडेल? ज्या संस्थेच्या पीडीएफ सगळ्यांना फुकट उतरवून घेता येतात, तिनं हे लिहायला लाजू नये.

या सगळ्या वादात शिक्षक नेहमी घेणारा म्हणूनच उभा असतो. तो लिहितोही, हे कुणी लक्षात घेत नाही. टाचण, प्रश्नपत्रिका, स्वाध्याय, ऑनलाइन तासिका यांचा मालक कोण? नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक नियोक्ता, वेगळा करार नसेल तर, असं १७वं कलम म्हणतं, आणि बहुतेक संस्थाचालक चर्चा तिथंच संपवतात. पण इंग्लंडमध्ये १९१६मध्ये लंडन विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकांचा हक्क त्या काढणाऱ्या परीक्षकांचा ठरला होता, कारण ते विद्यापीठाचे नोकर नव्हते. बाहेरच्या मंडळासाठी, स्पर्धापरीक्षेसाठी प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकानं मानधनाच्या पत्रावर सही करण्याआधी हे आठवावं. वर्गातलं शिकवणं तर आणखी निराळं. आपल्या कायद्यात 'कलावंता'च्या व्याख्येत नट, गायक, नर्तक, डोंबारी, जादूगार, गारुडी यांच्या रांगेत व्याख्यान देणारी व्यक्तीही आहे. गारुड्याशेजारी बसवलं म्हणून मास्तरांनी रागावू नये, कारण त्या रांगेत बसल्यानंच आपल्या सादरीकरणाचं मुद्रण कोण करणार यावर त्यांचा हक्क चालतो. अट अशी की मुद्रण करून घ्यायला एकदा लेखी संमती दिली की निर्मात्याच्या वापराला पुढे हरकत घेता येत नाही, व्यापारी वापरातला रॉयल्टीचा हक्क तेवढा राहतो. तेव्हा संस्थेनं 'तासिका रेकॉर्ड करण्यास माझी संमती आहे' असा एका ओळीचा कागद पुढे केला तर त्यावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : कोणत्या वर्षासाठी, कोणत्या विद्यार्थ्यांसाठी, आणि नोकरी सोडल्यावर हे व्हिडिओ कुणाकडे राहणार.